पुसलेलं कुठे जातं

३ तारीख, मंगळवार

काल डोळ्याला डोळा लागला नाही. मुंगी रडली म्हणून नाही, ती बिचारी गुमान झोपली. काल जेवताना ह्यांनी विचारलं, ऑफिसात तीनदा कशाला उठतेस. मी म्हटलं पाणी प्यायला. हे म्हणाले, एकोणीस मिनिटं पाणी? आणि पुढचा घास घेतला.

एकोणीस मिनिटं. मी स्वतःसुद्धा मोजली नव्हती.

मी उठते ते दूध काढायला. मुंगी आठ महिन्यांची आहे. दुपारपर्यंत छातीचा दगड होतो, ब्लाउज ओला होतो. ऑफिसच्या संडासात उभी राहून वाटीत काढते, डब्यात भरते, घरी नेते. दिवसभर मुंगी घरी सासूबाईंजवळ असते. हे ह्यांना सांगायला हवं होतं, पण माणूस जेवत असताना काय सांगायचं. आणि सांगितलं असतं तरी माझा प्रश्न तो नाहीच. ह्यांना कळलं कुठून? हे दिवसभर शहराच्या दुसऱ्या टोकाला ट्रकच्या वजनकाट्यावर असतात. तिथून काय माझा संडास दिसतो?

ही वही मुंगीच्या लसी आणि वजन लिहायला आणली होती. पहिली चार पानं तिची आहेत. इथून पुढे मी लिहिते. सातवीपर्यंत शिकलेय, चुकलंमाकलं तर चुकू दे. मुंगी मोठी झाली आणि तिने कधी वाचलं तर आई काय करत होती ते तिला कळेल, म्हणून कामाचं सांगून ठेवते.

पार्सल कंपनीचं गोदाम आहे. मागे एक लांब खोली, खिडकी नाही, आठ खुर्च्या, आठ बायका, आठ कॉम्प्युटर. पार्सलवरचे पत्ते मशीन वाचतं. फाटलेले, भिजलेले, गिचमिड अक्षरातले मशीनला वाचता येत नाहीत, त्यांचा फोटो आमच्या पडद्यावर येतो. आम्ही वाचायचं, टाइप करायचं, एन्टर मारायचं, पुढचा. बाबांना लकवा झाल्यावर त्यांचं अक्षर घरात मला एकटीलाच लागायचं. दादा म्हणायचा, ही मुंग्यांच्या रांगासुद्धा वाचेल. त्या जोरावर ही नोकरी मिळाली. फॉर्म ह्यांनीच भरला. पार्सलात महागाच्या वस्तू असतात म्हणून घरातला एक जामीन लागतो, तिथे ह्यांनी सही केली, फोन नंबरही त्यांचाच दिला. मी चार ठिकाणी सह्या केल्या. बारीक अक्षर खूप होतं, मागे रांग होती.

आमच्या कॉम्प्युटरात एक प्रोग्राम आहे. अधूनमधून पडद्याचा फोटो काढतो, बोटं किती चालली ते मोजतो. दीड मिनिट बोटं थांबली की कोपऱ्यातला हिरवा ठिपका लाल होतो आणि काचेच्या खोलीत मुकादमाच्या टेबलावर टुंग वाजतं. आम्ही त्याला नणंद म्हणतो. मला खरी नणंद नाही. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, पोरी, सुटलीस. सुटले कसली. ऑफिसात गाठ पडली.

माझ्या शेजारी चष्मेवाल्या मावशी बसतात. पन्नाशीच्या आहेत, नवरा नाही, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांनीच मला शिकवलं, उठताना पेनाचं टोपण कीबोर्डवरच्या एका बटणाच्या फटीत खोचायचं. बटण दाबलेलं राहतं, नणंदेला वाटतं वहिनी कामात आहे.

मग नणंदेला कळलं नाही तर ह्यांना कोणी सांगितलं? काल हाच विचार करत पडले होते. आता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय.

४ तारीख, बुधवार

सकाळी खिडकीची कडी सुतळीने बांधून टाकली. हे म्हणाले, हवा येणार नाही. मी म्हटलं मुंगी आता धरून उभी राहायला लागलीय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत.

ऑफिसात आज लाइन मंद होती. अशा वेळी पडद्यावर पुढचा फोटो यायला मिनिट-मिनिट लागतं. चूक लाइनची, पण नणंदेला ते कळत नाही, तिला बोटं हलताना दिसली पाहिजेत. म्हणून पत्त्याच्या रिकाम्या चौकटीत मनाला येईल ते टाइप करत बसायचं आणि फोटो आला की सगळं पुसून पत्ता घालायचा. सगळ्याच करतात. मावशी गाणी टाइप करतात. तिसऱ्या खुर्चीवरची मुकादमाला शिव्या घालते. एकदा पुसायची विसरली आणि शिवी पार्सलावर छापून गेली. आठ दिवस गावभर फिरून पार्सल परत आलं, पत्ता सापडला नाही असा शिक्का घेऊन. आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो.

मी दादाला लिहिते. दादा शटर बसवतो, चार तासांवरच्या गावात. मुंगी झाली तेव्हा बघायला आला होता. माझ्या दंडावरचं बघून ह्यांना काहीतरी बोलला, शब्दाने शब्द वाढला, तेव्हापासून येणं-जाणं बंद. फोनमधून त्याचा नंबर ह्यांनी काढून टाकला. पण त्याने बसवलेल्या प्रत्येक शटरवर खाली लाल रंगाने त्याचा नंबर असतो, आणि आमच्या रस्त्यावरच्या चाव्या बनवणाऱ्याचं शटर त्याच्याच हातचं आहे. दुकान दहाला उघडतं. मी आठला जाते. रोज जाताना वाचते. ह्यांना माहीत नाही.

तर चौकटीत दादाला लिहिते. कधी कुठली बस पकडावी, मुंगीला उलटी होईल का, कपडे किती घ्यावेत. कधी वाईटसाईटही लिहिते, डोक्यात येतं ते. ते इथे लिहिणार नाही, वहीतलं राहतं. चौकटीतलं पुसून जातं. पुसलं की पोटातली कळ गेल्यासारखं वाटतं. घरात भिंतींना कान, इथे ना कुणी ऐकलं ना कुणी पाहिलं.

संध्याकाळी सातला ह्यांचा फोन टुंग करतो आणि हे गॅलरीत जाऊन वाचत बसतात. काट्यावरच्या उद्याच्या गाड्यांची यादी असावी. आज बराच वेळ वाचत होते.

६ तारीख, शुक्रवार

हे बूट काढताना म्हणाले, चार तासांची बस, पोरगी ओकून ओकून अर्धी होईल.

मी म्हटलं, कुठली बस. हे म्हणाले, तूच सांग. माझं मनगट धरलं. चिडले की त्यांना जोर कळत नाही.

बसचं मी तोंडाने एकाच माणसाजवळ बोलले होते. मावशींजवळ. मंगळवारी, डबा खाताना. आणि मी किती वेळा उठते, किती वेळ लागतो, हे शेजारच्या खुर्चीवरून जितकं दिसतं तितकं कुठून दिसणार? मागच्या गल्लीत राहतात. येता-जाता ह्यांना भेटत असणार. पोरी पोरी म्हणत गळा कापला बाईने.

९ तारीख, सोमवार

दोन दिवस पोटात ठेवलं, आज ओकले. डबा खायच्या सुट्टीत मावशींना म्हटलं, माझ्या घरी काय काय पोचवता? त्यांना कळेना. मी म्हटलं साळसूदपणा पुरे, नणंद परवडली, ती निदान टुंग वाजवून सांगते. सगळ्या बायका बघायला लागल्या. मला थांबता येईना. म्हटलं, स्वतःचा संसार राहिला नाही म्हणून दुसऱ्याच्या संसारात काडी घालता.

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. म्हणाल्या, "तुझा नवरा माझ्याशी बोलत नाही ग. मी समोरून आले की तो रस्ता ओलांडतो. त्याच्या लग्नाआधीची एक गोष्ट मला माहीत आहे म्हणून."

कुठली गोष्ट, ते मी विचारलं नाही. खोटारड्या बायकांच्या गोष्टी कोण ऐकणार. मी खुर्ची दुसरीकडे सरकवली, वायर जेवढी पुरते तेवढी.

१० तारीख, मंगळवार

आज मी एक काम केलं. बरोबर केलं असं सकाळी वाटत होतं.

मुकादमाच्या काचेच्या खोलीत गेले आणि टोपणाचं सांगितलं. मावशी करतात, मावशी शिकवतात. माझं नाव मी घेतलं नाही. मुकादम तरुण आहे, शर्टाला इस्त्री असते, कधी आवाज चढवत नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला, हे लिहून द्या. मी म्हटलं मला नीट लिहिता येत नाही. तर त्याच्याकडे आधीच छापलेला कागद होता, मावशींच्या नावाचा. फक्त खाली सही करायची होती.

छापलेला कागद तयार कसा होता, हे सही करून बाहेर आल्यावर डोक्यात आलं.

११ तारीख, बुधवार

मावशींना घरी पाठवलं. कामावर येताच गेटवरूनच. त्यांची पिशवी, उशी आणि पाण्याची बाटली पहारेकऱ्याने आणून दिली. मी संडासाच्या जाळीतून बघत होते. मला दूध काढायचं होतं, पण आज येईना.

संध्याकाळी सुटले तर कोपऱ्यावर उभ्या होत्या. मला वाटलं आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, मी मुलीकडे चालले, परगावी, इथे भाड्याच्या खोलीत बसून काय करू. जाताना वळून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या फॉर्मवर जामीन कोण आहे, तेवढं आठव. माझ्या फॉर्मवर माझी मुलगी आहे. रोज सातला तिला माझा कागद जातो. ती फोन करून हसते, आई आज कुठलं गाणं म्हणत होतीस ते मला ठाऊक आहे."

मी घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ लावत होते. कुठलं गाणं म्हणत होतीस. म्हणत नव्हत्या. त्या गाणी म्हणत नाहीत, त्यांचा घसा बसलेला असतो. त्या फक्त टाइप करतात आणि पुसतात.

सातला ह्यांचा फोन वाजला. हे गॅलरीत गेले. मी भांडी घासत होते. नळ तसाच चालू राहिला, सासूबाई ओरडल्या, पाणी चाललं.

१३ तारीख, शुक्रवार

काल आणि आज चौकटीत काहीही लिहिलं नाही. लाइन मंद होती तेव्हा नुसते आकडे टाइप केले, एक ते दहा, परत एक ते दहा.

सातला फोन वाजल्यावर हे आत आले आणि म्हणाले, गप्प झालीस. मग माझा फोन दुरुस्तीला म्हणून घेऊन गेले. तो बिघडला नव्हता.

गाल सुजलाय. उद्या विचारलं तर कपाटाचं दार लागलं असं सांगणार आहे. मुंगी बोटाने दाबून बघते आणि हसते, तिला खेळ वाटतो.

१६ तारीख, सोमवार

काल रविवारी सकाळी त्याने सासूबाईंना आणि मला समोर बसवलं. फोटोच्या दुकानातून छापून आणलेले कागद होते, बत्तीस पानं, पिन मारलेली. वर माझं नाव, माझा खुर्ची नंबर. खाली तारीख, वेळ, आणि मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर. पत्ते बारीक करड्या अक्षरात. पुसलेलं ठळक.

तो वाचत गेला. आवाज चढवला नाही. दादा मला ने. दादा, हा घरी यायची वेळ झाली की मी दाराकडे बघत बसते. दादा, सकाळची बस बरी की दुपारची. मग एक पान बोटाला थुंकी लावून उलटलं आणि हे वाचलं.

आता लिहावं लागेल. त्याच्याकडे आहे तर माझ्याकडेही असू दे. ३ तारखेला अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी चौकटीत लिहिलं होतं, कालपासून झोप नाही, आज घरी गेल्यावर हिने रडं काढलं तर वाटतं खिडकीतून टाकून द्यावी.

लिहिलं. दोन श्वास. पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं काम केलं ते खिडकीची कडी बांधायचं. पण सुतळी बांधली ते कुठल्या कागदावर नाही. पुसलं तेसुद्धा नाही. कागदावर नुसतं लिहिलंय एवढंच आहे.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान खाली घालूनच म्हणाल्या, पोर रडलं की आई म्हणतेच असं काहीबाही, मी तुला विहिरीत टाकते म्हणायचे. तो म्हणाला, आई, तू गप्प बस. त्यांनी पुढची जुडी ओढली. तेवढंच त्यांच्याकडून. पण तेवढं तरी आलं.

मग त्याने सांगितलं. पुढच्या रविवारी, म्हणजे २२ तारखेला, मुंगी आणि सासूबाई त्याच्या काकांकडे जाणार, आठ तास गाडीने. मी इथेच. नोकरी सोडायची नाही, पगार येतोय. दादाला किंवा कुणालाही सांगितलंस तर हे कागद कोर्टात देईन, पोटच्या पोरीला खिडकीतून टाकणाऱ्या बाईकडे कुठला साहेब पोर देईल ते बघू. "मी एक शब्दही माझ्या मनचा घातलेला नाही," तो म्हणाला. "सगळं तुझंच आहे."

मुंगी माझ्या मांडीवर त्या कागदांची पिन चोखायला बघत होती. मी ती तिच्या तोंडापासून ओढून घेतली.

१७ तारीख, मंगळवार

आता तो मला गेटपर्यंत सोडतो आणि गेटवरून घेतो. पहारेकऱ्याशी ओळख काढलीय, मधे बाहेर गेले तर तो फोन करणार.

काचेच्या खोलीत गेले. या वेळी खुर्ची दिली नाही. मी विचारलं, माझं लिहिलेलं घरी कसं गेलं. मुकादम म्हणाला जामीनदाराला रोजचा अहवाल जातो, तुमची सही आहे. त्याने फॉर्म काढून दाखवला. माझीच सही, वाकडी, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं. मी म्हटलं, पण ते मी पुसलं होतं.

"पुसलेलंच तर बघायचं असतं," तो म्हणाला. "ठेवलेलं काय, ते पार्सलावर छापून येतंच."

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला पाठवू नका, तो मारतो. तोंडातून गेलं. कुणाजवळ पहिल्यांदा गेलं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, घरगुती बाबतीत कंपनी पडत नाही. मग म्हणाला, जामीन बदलायचा तर जुन्या जामिनाची संमती लागते.

निघताना मी विचारलं, टोपणाचं कधीपासून माहीत होतं. तो जरासा हसला. म्हणाला, एकच अक्षर बाराशे वेळा उमटतं, पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुमचंही आणि त्यांचंही. ज्याचं जेव्हा लागेल तेव्हा काढायचं. बारा वर्षं जुनी बाई आहे, पगार वाढलेला, नुसतं काढता येत नव्हतं. कोणीतरी सही करणारं हवं होतं.

मी खुर्चीवर येऊन बसले आणि पत्ते टाइप केले. मावशींची खुर्ची रिकामी आहे. त्यांची उशी तिच्यावर दोन खड्डे ठेवून गेली, म्हणजे उशी गेली, स्पंजात खड्डे राहिले. त्यांची माफी मागायला त्यांचा पत्ताही माझ्याकडे नाही. रोज साताठशे पत्ते टाइप करते आणि तो एक नाही.

बाकीच्या बायकांजवळ बोलायचं धाडस होत नाही. कॉम्प्युटरला कान आहेत की नाहीत, मला काय माहीत. मला डोळेसुद्धा माहीत नव्हते. आणि बोलून काय, मी मावशींचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. सहा बायका माझ्याकडे पाठ करून डबा खातात. बरोबरच आहे त्यांचं.

१८ तारीख, बुधवार

हे संडासात बसून लिहितेय, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. बाहेर टोपण खोचलेलं नाही. ठिपका लाल झाला असणार, टुंग वाजलं असणार, सातला कागदावर येईल. येऊ दे. बाई दूध काढत होती असं समजतील.

काल रात्री ठरवलं. काय काय नाही ते मोजलं. फोन नाही. कॉम्प्युटरवरचं सगळं त्याच्याकडे जातं. रस्त्यात तो. गेटवर पहारेकरी, तो सगळ्यांच्या पिशव्या उपसून बघतो. फक्त माझी दुधाची पिशवी बघत नाही. पहिल्या दिवशी वर ओल्या फडक्यांच्या घड्या दिसल्या, त्याने मान फिरवली, तेव्हापासून हाताने जा म्हणतो. ही वही इतके दिवस त्याच घड्यांखाली आत-बाहेर करते.

संडासाकडे जाणाऱ्या बोळात फाटक्या पार्सलांची मांडणी आहे. फुटलेली, कोपरा उसवलेली पार्सलं तिथे ठेवतात, पत्ता आमच्याकडून टाइप होऊन आला की नवीन चिठ्ठी लावून ठेवतात. चारला टेप लावणारे काका येतात, एकेकाला टेप गुंडाळतात आणि गाडीत टाकतात. आत काय आहे ते बघत नाहीत, बघायला मनाई आहे. सगळ्या गोदामात न बघायचा नियम तेवढ्या एका जागी आहे.

मघाशी येताना मी पाच पार्सलं चाचपली. एकात मोबाइलचं झाकण, एकात कुलूप. चौथ्याचा कोपरा उसवलाय आणि आतून पिवळे बूट दिसतात, अंगठ्याएवढे. हे वाचताय ना, तुमचा पत्ता काल चारनंतर माझ्याच पडद्यावर आला होता. पुठ्ठा भिजलेला, शाई पसरलेली, मशीनला लागला नाही. मला लागला. शहरातलाच आहे, शहरातलं पार्सल दुसऱ्या दिवशी पोचतं. म्हणजे उद्या गुरुवार, फार तर शुक्रवार.

तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. बूट दोन्ही आत आहेत, मी मोजून बघितले, काही घेतलेलं नाही. पार्सलात ही घाणेरडी वही निघाली म्हणून कंपनीला तक्रार करू नका. तक्रार कॉम्प्युटरवर येते. पहिली चार पानं माझ्या मुलीच्या लसींची आहेत, ती फाडू नका, मला परत लागतील. नवव्या महिन्याचा डोस राहिलाय.

खिडकीचं वाचलं असेल तर वाचलं. तुमच्या घरी बूट घालणारं कुणी आहे, म्हणून तुमचंच पार्सल निवडलं. तुम्हीही कधी थकून काही म्हणाला असाल, आणि मग पोराला जवळ घेतलं असेल. मी सुतळी बांधली, ती अजून आहे. हवं तर येऊन बघा.

दादाचा नंबर शेवटच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहिलाय. आज सकाळी नवरा बरोबर चालत होता म्हणून थांबता आलं नाही, पण चप्पल नीट करायला वाकले आणि शटरवरून परत ताडून घेतला. बरोबर आहे.

मेसेज टाकू नका. कुठेही टाइप करू नका, पुसणार असाल तरी नको. फोन लावा आणि तोंडाने सांगा. सकाळी लावला तर मशीनच्या आवाजात दादाला ऐकू जात नाही, दोनदा लावा. तो आधी विचारेल कुठलं शटर अडकलं. त्याला म्हणा, शटर नाही, तुमची बहीण. रविवारच्या आत ये म्हणावं, गाडी घेऊन ये, एकटा येऊ नको. मुंगीला न्यायचंय. त्याला खरं वाटलं नाही तर सांगा, बाबांचं अक्षर वाचायची ती.

बाहेर कोणीतरी दार वाजवतंय. मी आता बाहेर पडता-पडता ही वही तुमच्या बुटांच्या खाली सारते.

माझ्या दादाला फोन करा.